मागे वजन टाकलं, आता बगी वळतच नाही

बोरीकाठ | शनिवार, रात्री 10:20

मंडळी, नमस्कार. पारोळ्याजवळ एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे आम्ही सहा-सात जणांनी मिळून आरसी (रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या) गाड्यांसाठी छोटा ट्रॅक केलाय. खाली काळी माती, त्यावर दोन ट्रॉली मुरूम टाकून रोलर फिरवला. कडेला जुन्या ठिबकच्या नळ्या गाडल्या. दिवाळीपासून चार महिने झकास चालला. आता एप्रिल लागला आणि वर बोटाच्या पेराएवढा फुफाटा जमलाय.

गाडी 1/10 ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) टू-व्हील ड्राइव्ह बगी, म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना. मोटर मागच्या कण्याच्याही मागे, बॅटरी टू-एस शॉर्टी लायपो, म्हणजे दोन सेलची आखूड लिथियम पॅक. वळणातून निघताना थ्रॉटल दिला की मागचं निसटायचं आणि गाडी गरकन फिरायची. वाटलं, मागच्या चाकांवर भार टाकू, म्हणजे चाकं दाबून बसतील. मोटारीच्या चाकांचं बॅलन्सिंग करतात त्या चिकट वजनाच्या पट्ट्या टायरवाल्याकडून आणल्या. 10 ग्रॅमचे 12 तुकडे मागच्या बंपरवर ओळीने चिकटवले.

सरळ पट्ट्यावर फायदा झाला, ते खरं. थ्रॉटल आधीपेक्षा बिनधास्त देता येतो. पण वळणात शिरताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी नाक सरळ नळीकडे जातं. आणि मागचं एकदा सुटलं की थांबत नाही. आधी सुटायचं तेव्हा उलटं स्टिअरिंग देऊन मी पकडत होतो, आता हातात काहीच राहत नाही. पुढेही तेवढंच वजन टाकू का? की सगळंच काढू?

लोकोशेड | शनिवार, रात्री 10:51

भाऊ, पुढे वजन टाकू नको. थांब जरा.

मी भुसावळचा, रेल्वेतला माणूस. वजन टाकून चाकं घसरायची थांबवणं हा आमच्याकडचा जुना उपाय आहे. डब्ल्यूएजी-9 हे मालगाडीचं इंजिन 123 टनांचं. त्याचंच डब्ल्यूएजी-9एच हे रूप 132 टनांचं. मोटरची ताकद तीच, 6120 अश्वशक्ती. वरचे 9 टन फक्त चाकांनी रूळ घट्ट धरावा म्हणून. आता हे वाचून तुला वाटेल की मग मी बरोबरच केलं. पण त्या इंजिनामागे चार-पाच हजार टनांची गाडी असते. त्या ओझ्यापुढे इंजिनाचे 9 टन कुठेच लागत नाहीत, उलट पकड वाढते ती सगळी मागच्या वाघिणी ओढायला मिळते. तुझ्या बगीला दुसरं काही ओढायचं नाही. जे वजन टाकशील तेच तिला पळवायचं, थांबवायचं आणि वळवायचं आहे. पकड जेवढी वाढली तेवढंच कामही वाढलं.

आणि रूळ ओला असला की आम्ही वजन वाढवत बसत नाही, चाकापुढे रेती सोडतात. म्हणजे जिथे चाक टेकतं तिथलं आधी बघतात. तुझ्या फुफाट्याचं आणि टायरच्या पिनांचं (वरच्या रबरी टोकांचं) काय ते आधी सांग. पिना किती उरल्यात?

कपाशी | शनिवार, रात्री 11:15

मला आरसीतलं फार कळत नाही, मुलासाठी मागच्या वर्षी एक घेतली तेव्हापासून इथे वाचतो. पण बंपरवर वजन वाचलं आणि आमची बैलगाडी आठवली.

कापूस भरताना मागे जास्त दाबला की गाडी उलळायची. धुरा वर, जू बैलांच्या मानेवरून उचललं जायचं, बैल नुसते हवेत मान ताणत उभे. पुढे जास्त भरला की उलटं, जू मानेवर रुतायचं आणि चढावर बैल गुडघ्यावर यायचे. आजोबा भरणाऱ्याला अहिराणीत ओरडायचे, "भार मझार ठेव रे भो!" मझार म्हणजे आत. कण्याच्या जरासा पुढे, मधोमध. तुमच्या बगीचं बंपर कण्याच्या मागे आहे ना? मग ती उलळतेय.

पांझरा | रविवार, सकाळी 7:05

कपाशी दादा, तुमच्या आजोबांनी अर्धा प्रश्न सोडवलाय. उरलेला अर्धा आकड्यांशिवाय सुटायचा नाही.

बोरीकाठ, सकाळी एवढं कर. घरातला ग्रॅमवाला किचन काटा काढ, शेजारी-मित्रांकडून अजून तीन गोळा कर. एकाच कंपनीचे असायची गरज नाही, पण चारही काट्यांचे माथे एका पातळीत हवेत. जाड काच किंवा टाइल खाली घे आणि कमी उंचीच्या काट्याखाली पत्त्याची पानं सरकव. प्रत्येक काट्यावर एकच वस्तू ठेवून बघ, आकडा सारखा येतो का. मग गाडी बॅटरी-बॉडीसकट, पळायला तयार असते तशी, चार चाकं चार काट्यांवर. शॉक दोन-तीनदा दाबून सोड, नाहीतर सस्पेन्शन अडकून आकडे खोटे येतात. एकदा बंपरच्या वजनासकट, एकदा काढून.

सोबत हेही मोज: पुढच्या कण्यापासून मागच्या कण्यापर्यंत अंतर, आणि मागच्या कण्यापासून त्या पट्ट्यांच्या मध्यापर्यंत अंतर.

बोरीकाठ | रविवार, दुपारी 1:40

दादा, तीन काटे जमले, चौथा आमच्या ओळखीच्या सराफाकडून आणला. त्याने दोनदा विचारलं, "गाडी मोजायची? सोनं नाही ना?"

पट्ट्या काढून:
पुढे डावं 291, उजवं 302. मागे डावं 497, उजवं 470. एकूण 1560 ग्रॅम.

पट्ट्या लावून:
पुढची दोन मिळून 563, मागची दोन मिळून 1117. एकूण 1680.

कण्या-कण्यातलं अंतर 280 मिलिमीटर. पट्ट्या मागच्या कण्यापासून 70 मिलिमीटर मागे.

एक गोष्ट बघून मी चाट पडलो. टाकले 120, पण मागे वाढले 150. पुढचे 30 कुठे गेले?

पांझरा | रविवार, दुपारी 2:30

गेले कुठेच नाहीत, मागे आले. हीच ती उलळण. कण्याच्या मागे टाकलेला प्रत्येक ग्रॅम मागच्या चाकांवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकतो आणि तेवढा पुढून उचलतो. हिशोब: 120 ला 350 ने गुणायचं (280 अधिक 70), 280 ने भागायचं. 150. काट्याने बरोबर तेच दाखवलं, म्हणजे मोजमाप नीट केलंस.

आधी गाडीच्या मागे 62 टक्के भार होता, आता साडेसहासष्ट. आणि एकूण वजन बघ. इफमार या आरसी शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात टू-व्हील ड्राइव्ह बगीला किमान 1474 ग्रॅम आणि फोर-व्हीलला 1588. तुझी मुळातच किमानपेक्षा 86 जास्त होती. त्यावर अजून 120.

तापीपार | रविवार, दुपारी 3:12

मी थोडा वेगळा बोलणार. पुस्तकात काहीही असो, फुफाट्यात वजन लागतंच. माझ्याकडे 1/10 चा शॉर्ट कोर्स ट्रक आहे, सव्वादोन किलोच्या पुढे जातो. तापीकाठच्या पोयट्यात जिथे पोरांच्या हलक्या बगी जागच्या जागी चाकं फिरवत बसतात, तिथे हा रूळावर असल्यासारखा निघतो. हलकी गाडी धुळीवर तरंगते, टायर खालच्या कडक थराला टेकतच नाही. हे मी दोन उन्हाळे बघतोय.

पांझरा | रविवार, दुपारी 3:40

तापीपार, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मऊ, सुट्या थरात पिनांना खाली घुसून कडक जमीन गाठायची असते आणि घुसायला भार लागतो. तिथे वजन खरंच मदत करतं.

पण तुमच्या ट्रकचं श्रेय नुसत्या वजनाला देऊ नका. टायर रुंद, घेर मोठा, पिना लांब, गाडी लांबीलाही जास्त. बोरीकाठच्या पिना झिजून गुळगुळीत झाल्या असतील, तर 120 ग्रॅम टाकूनही त्या तेवढ्याच आखूड राहणार. घुसायला आधी टोक लागतं, मग दाब.

रावेरची ताई | रविवार, संध्याकाळी 6:18

मी आणि माझी मुलगी दोघी मिळून एक 1/10 टूरिंग कार चालवतो, सोसायटीच्या सिमेंटच्या रस्त्यावर. हा धागा तिने वाचला आणि एक प्रश्न विचारलाय. मला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे टाकते. ती नववीत आहे.

"घर्षण म्हणजे गुणांक गुणिले भार. वळायला लागणारं बलही वस्तुमानाच्या प्रमाणात. मग दोन्हीकडचं वस्तुमान कटतं. मग गाडी जड असो की हलकी, वळणात एकाच वेगाला घसरायला हवी. मग शर्यतीत सगळे हलकी गाडी का करतात?"

अमळनेर सर | रविवार, रात्री 9:30

ताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न अगदी मुळाशी गेलाय. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि गाड्याही पळवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तिचं समीकरण लाकडाचा ठोकळा टेबलावर ओढताना बऱ्यापैकी चालतं. रबराच्या टायरला ते पुरतं लागू होत नाही. रबरावर भार वाढत गेला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीला थोडी कमी पडते. म्हणजे गुणांक स्थिर नाही, भार वाढला की तो थोडा उतरतो. जड गाडीला वळायला बल पूर्ण प्रमाणात जास्त लागतं आणि पकड मिळते जरा कमी. म्हणून ती आधी घसरते. वस्तुमान पूर्ण कटत नाही, थोडं उरतं, आणि शर्यत त्या उरलेल्यात जिंकली-हरली जाते.

याचाच दुसरा परिणाम जास्त कामाचा आहे. समजा मागच्या दोन चाकांवर 300-300 ग्रॅम भार आहे आणि प्रत्येक टायर 300 ग्रॅमइतकी पकड देतो. एकूण 600. आता गाडी वळली, आतल्या चाकावरून 200 ग्रॅम बाहेरच्या चाकावर गेले. बाहेर 500, आत 100. समजा 500 ग्रॅमला गुणांक 0.94 झाला आणि 100 ला 1.06. मग पकड 470 अधिक 106, म्हणजे 576. भार 600 चाच राहिला, पकड 24 ने घटली. बाहेरच्या टायरला जे मिळालं ते आतल्याने गमावलेल्यापेक्षा कमी. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत, दिशा खरी आहे.)

वळणात किती भार सरकतो? गाडीचं वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार, भागिले डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर. दीड किलोची गाडी, 1 जी (गाडीच्या वजनाइतका) जोर, उंची 40 मिलिमीटर, चाकांतलं अंतर 200 मिलिमीटर: 300 ग्रॅम सरकले. उंची 30 वर आणली तर 225. ताई, तुमच्या टूरिंग कारमध्ये सगळं चॅसिसला चिकटून का बसवलेलं असतं, याचं उत्तर हेच. सिमेंटवर पकड भरपूर, जोर मोठा, म्हणून उंची जिवावर येते. पकड फारच वाढली तर गाडी घसरण्याऐवजी आडवी पलटते.

रावेरची ताई | रविवार, रात्री 9:52

सर, तिने वही काढून 576 चा हिशोब स्वतः करून बघितला. आता विचारतेय, स्प्रिंग कडक केली तर सरकणारा भार कमी होतो का?

अमळनेर सर | रविवार, रात्री 10:10

एकूण सरकणारा भार कमी होत नाही. वरच्या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, तिला दाखवा. बदलतं ते एवढंच की तो भार पुढच्या जोडीवर किती आणि मागच्या जोडीवर किती पडतो. जी जोडी कडक, तिच्यावर डाव्या-उजव्याची ओढाताण जास्त, म्हणून तिची पकड कमी. मागचं निसटत असेल तर मागची स्प्रिंग मऊ करतात ती यासाठी. शिवाय मऊ स्प्रिंगमुळे टायर खड्ड्या-उंचवट्यांवर जमीन सोडत नाही.

बोरीकाठ | रविवार, रात्री 11:05

सगळ्यांचे आभार, पण माझ्या डोक्यात एक खुटखुट राहिली. पुढून 30 ग्रॅम गेले, 593 चे 563 झाले. म्हणजे 5 टक्के. तेवढ्याने नाक इतकं बधिर व्हावं? गाडी थोडी कमी वळते असं नाही झालेलं, वळायला सुरुवातच उशिरा करते.

पांझरा | सोमवार, सकाळी 6:50

हा खरा प्रश्न. आणि रात्री झोपताना मलाही हेच वाटलं, की आपण सगळे नाक हलकं झालं यावर अडकलोय.

कावड डोळ्यासमोर आण. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी. चालताना ठीक. पण जागेवर वळून मागे बघायचं म्हटलं की कावड लगेच येत नाही. जोर लावून फिरवली की मग थांबत नाही, माणसाला घेऊन पुढे जाते. त्याच दोन घागरी छातीशी धरल्या तर वजन तेच, पण गरकन वळता येतं. तुझी तक्रार शब्दशः हीच आहे: सुरुवात उशिरा, आणि सुटली की थांबत नाही. नाक हलकं झालं असतं तर फक्त पहिली तक्रार असती.

फिरण्याला होणारा विरोध वजन गुणिले अंतराचा वर्ग. अंतर गुरुत्वमध्यापासून मोजायचं. तुझ्या गाडीत पुढे 38 टक्के भार, म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या कण्यापासून 280 च्या 38 टक्के पुढे, साधारण 106 मिलिमीटरवर. पट्ट्या 70 मागे. एकूण 176. हेच 120 ग्रॅम गुरुत्वमध्यापासून 44 मिलिमीटरवर ठेवले असते तर अंतर चौथाई, विरोध सोळावा हिस्सा. तू बंपरवर चिकटवलेल्या 120 ग्रॅमनी गाडीला तेवढं आळशी केलं जेवढं 44 मिलिमीटरवर जवळजवळ दोन किलोंनी केलं असतं.

म्हणूनच चांगल्या बगीत सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), बॅटरी सगळं मध्याकडे ओढून बसवलेलं असतं. 1984 ची असोसिएटेड कंपनीची आरसी10 ही बगी मोटर मागच्या कण्याच्या मागे ठेवायची, कारण तेव्हाचे ट्रॅक मोकळ्या मातीचे आणि मागे भार हवाच होता. पुढे ट्रॅक घट्ट होत गेले, कार्पेटचे ट्रॅक आले, तशी मोटर कण्याच्या पुढे सरकली. आपल्याकडच्या फुफाट्याला मागची मोटर अजून योग्यच आहे. फक्त तिच्याही मागे अजून काही टांगू नको.

अमळनेर सर | सोमवार, सकाळी 8:15

पांझरा यांचं म्हणणं तपासून बघता येईल, आणि ते बोरीकाठच्या गाडीवरच.

शॉर्टी पॅकची लांबी 96 मिलिमीटर. तुझा ट्रे पूर्ण लांबीच्या 139 मिलिमीटरच्या पॅकसाठी असेल तर आत 40 मिलिमीटर जागा सुटते. बॅटरी आत्ता पुढे लावलेली आहे का? पॅकचं वजन किती?

बोरीकाठ | सोमवार, सकाळी 8:40

हो सर, पुढे. मागे फोमचा ठोकळा भरलाय. पॅक 210 ग्रॅम.

अमळनेर सर | सोमवार, सकाळी 8:58

उत्तम जुळलं. 210 ग्रॅम 40 मिलिमीटर मागे सरकवले तर 210 गुणिले 40 भागिले 280, बरोबर 30 ग्रॅम पुढून मागे जातात. म्हणजे पुढे 563 उरतील. पट्ट्या लावल्यावर जेवढे होते नेमके तेवढेच!

पट्ट्या सगळ्या काढ, ठोकळा पुढे टाकून बॅटरी मागे कर. टायर, स्प्रिंग, काहीच बदलू नको. नाक पट्ट्यांच्या वेळेइतकंच हलकं असेल. गाडी तरीही वळली नाही तर दोष हलक्या नाकाचा. वळली तर दोष कावडीचा.

तापीपार | सोमवार, दुपारी 12:20

याला म्हणतात परीक्षा. मी निकालाची वाट बघतोय.

दरम्यान एक माहिती हवी होती. माझ्या ट्रकला पुढे थोडं वजन द्यायचंय. तापीवर जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या, त्या चालतील का?

लोकोशेड | सोमवार, दुपारी 1:05

चालतील, शिसं जडही आहे, पण मऊ असतं. धक्क्याने दबतं, सुटतं, आणि विषारी आहे. कापताना कानस वापरू नका, बारीक भुकटी श्वासात जाते. टेप गुंडाळा, हात धुवा, घरात लहान मूल असेल तर सरळ नको म्हणा.

पितळ घ्या. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियम 2.7 ग्रॅम, पितळ साधारण साडेआठ, शिसं सव्वाअकरा. 30 बाय 20 बाय 6 मिलिमीटरचा पितळी तुकडा 30 ग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढाच ॲल्युमिनियमचा 10 पण होत नाही. भांड्यांच्या कारखान्याच्या किंवा लेथवाल्याच्या भंगारात पट्टी मिळून जाते. दोन भोकं पाडा आणि चॅसिसच्या मूळ स्क्रूंनीच आवळा. चिकटवलेलं वजन आपल्या मे महिन्यात टिकत नाही, गोंद मऊ होऊन पट्टी सरकते. आणि सरकलेलं वजन ट्रॅकच्या मधोमध कधी पडेल सांगता येत नाही.

चाकात मात्र वजन घालू नका. चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेजवळचा 10 ग्रॅम गाडी पळवताना जवळजवळ 20 सारखा वागतो, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. वर तो स्प्रिंगच्या खालचा भार. चाक उसळलं की शॉकला ते खाली आणताना जड जातं.

पांझरा | सोमवार, दुपारी 1:30

लोकोशेड यांना अनुमोदन. वजन बदललं की तीन गोष्टी पुन्हा बघायच्या, लोक विसरतात. एक, राइड हाइट, म्हणजे चॅसिसची जमिनीपासूनची उंची. वजनाने गाडी बसते, चॅसिस घासते, मग लोक म्हणतात वजनाने पकड गेली. दोन, मोटरचं तापमान. 120 ग्रॅम जास्त ओढताना मोटर जास्त तापते आणि आपल्याकडे सुरुवातच 43-44 च्या हवेत होते. मी पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) एक दात लहान करतो आणि थर्मामीटर 80 च्या वर गेला की गाडी बाजूला घेतो. तीन, शॉकचं तेल. उन्हात ते पातळ होतं, सकाळी सातला केलेला सेटअप दुपारी चारला वेगळीच गाडी असते. मी हिवाळ्यात 350 सीएसटी (तेलाच्या दाटपणाचं माप) वापरतो, एप्रिलपासून 450.

कपाशी | सोमवार, संध्याकाळी 7:44

फुफाट्यावर एक सुचवू? शेतातला पाठीवरचा फवारणीचा पंप आणा. तणनाशकाचा नको, नवा किंवा फक्त पाण्याचा. संध्याकाळी नळी उंच धरून बारीक फवारा मारा. बादलीने ओतलं तर खालची काळी माती वर येते आणि टायरला पेंड बसते. पेंड बसलेल्या टायरला कसली पकड? फवाऱ्याने मुरूम नुसता दबतो.

बोरीकाठ | बुधवार, रात्री 9:35

निकाल.

काल पंप मारला नाही, मुद्दाम. सर म्हणाले काही बदलू नको. तोच फुफाटा, तेच टायर. पट्ट्या सोलून काढल्या. बंपरवर गोंदाचे 12 चौकोन राहिलेत, ते अजून निघाले नाहीत. बॅटरी मागे, ठोकळा पुढे. काट्यावर पुढे 564, मागे 996. एका ग्रॅमचा फरक, तो काट्याचाच असेल.

पहिल्याच वळणात मी आत कापून नळीवर चढलो, कारण हाताला पट्ट्यांच्या गाडीची सवय लागलेली आणि स्टिअरिंग लवकर दिलं. दुसऱ्या फेरीपासून कळलं. नाक लगेच वळतं. मूळ गाडीपेक्षा किंचित कमी, पण पट्ट्या असतानाच्या तुलनेत काहीच संबंध नाही. आणि सुटली की पकडता येते. उलटं स्टिअरिंग दिलं की मागचं परत रांगेत येतं. जिनिंगच्या भिंतीकडच्या लांब वळणात मी मुद्दाम सात-आठ वेळा सोडवून बघितली, दोनदाच पूर्ण फिरली.

म्हणजे कावडच, पांझरा दादा.

निघताना थ्रॉटल मात्र पट्ट्या असताना जितका बिनधास्त देता यायचा तितका अजून नाही.

पांझरा | बुधवार, रात्री 9:58

वा! त्या उरलेल्या थ्रॉटलसाठी टायर. लोकोशेड यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पिना किती उरल्यात? तू अजून सांगितलं नाहीस.

बोरीकाठ | बुधवार, रात्री 10:15

खरंच राहिलं. आत्ता बघितल्या. मागच्या टायरच्या आतल्या बाजूच्या पिना जवळजवळ सपाट, बाहेरच्या अर्ध्या. डाव्या टायरच्या उजव्यापेक्षा जास्त झिजल्यात.

अमळनेर सर | बुधवार, रात्री 10:40

मागचं डावं 497 आणि उजवं 470 होतं, आठवतंय? 27 चा फरक. पुढे मात्र उजवं 11 ने जास्त. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर भार चढलेला दिसतो, म्हणजे गाडी थोडी पिळलेली असावी. पुढच्या बाजूला बरोबर मधोमध चाकूचं पातं ठेवून हळू उचल. दोन्ही चाकं एकाच वेळी सुटायला हवीत. नाही सुटली तर मागच्या शॉकची डावी-उजवी कॉलर (स्प्रिंग दाबून धरणारं कडं) मोज, फरक तिथेच सापडेल. वजन इकडून तिकडे हलवण्याआधी हे कर.

बोरीकाठ | गुरुवार, रात्री 8:50

सर, मागच्या डाव्या शॉकची कॉलर उजवीपेक्षा दीड मिलिमीटर खाली होती. कधी फिरली देव जाणे. सारखी केली, आता मागे 484 आणि 512... नाही, थांबा, एका काट्याखालचं पान सरकलं होतं. पुन्हा मोजलं, 501 आणि 496. पुढे 280 आणि 284.

लांब पिनांचे टायर मागवलेत, शनिवारपर्यंत येतील. पितळी पट्टी लेथवाल्याने 30 ग्रॅमची कापून दिली, ती गिअरबॉक्सच्या पुढे, कण्यापासून 30 मिलिमीटर आत बसेल. पण आधी नुसत्या टायरवर चालवणार, पट्टी खिशात. रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत. तापीपार, ट्रक घेऊन या, दोन्ही गाड्या एकाच फुफाट्यावर लावू. ताई, लेकीला घेऊन या, तिच्यासाठी चारही काटे तोपर्यंत ठेवून घेतो. सराफाला सोमवारी परत देतो म्हणून सांगितलंय.